कठडा नसलेला जिना

मी, अ‍ॅड. हंबीरराव जोतीराम खराडे, वय ७८, राहणार नागाळा पार्क, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पन्नास वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली. कोणत्या शब्दाला धरून मुलगा कोर्टात जातो ते मला ठाऊक आहे. तो शब्द येथे सापडणार नाही.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. लग्नानंतर पत्नी ललिता हिला घेऊन मी चंदीगडच्या इमारती पाहायला गेलो. तिला महाबळेश्वरला जायचे होते. १९८६ साली तसेच घर बांधले: उघडे काँक्रीट, सपाट छत, कुठे नक्षी नाही. जिन्याच्या पायऱ्या भिंतीतून थेट बाहेर आलेल्या, बाजूला कठडा नाही. ललिता सव्वीस वर्षे म्हणत होती, "अहो, एक पाईप तरी लावा की." मी लावला नाही. जिन्याची रेषा बिघडली असती.

२. २०१२ साली ललिता त्या जिन्यावरून पडली. खुबा मोडला, चौदा महिने अंथरुणात काढून गेली. पडली त्या दिवशी मी कबनूरच्या एका यंत्रमाग कामगार बाईच्या पोटगीचा दावा चालवत होतो. तो जिंकलो. स्मशानात मुलगा पृथ्वीराज चारचौघांत म्हणाला, "आईला तुम्ही मारलंसा." तोही त्याच जिन्याने रोज वर-खाली करत होता. तेव्हा त्याचे हात कोणी धरले होते?

दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात असताना त्याने येऊन कठडा बसवला. घरी येताच मी तो गॅस कटरने कापून काढला. त्याचे नऊ तुकडे पृथ्वीराज यास द्यावेत. अन्य काही देऊ नये.

३. घर 'सोबत' या न्यासास द्यावे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना फुकट वकील मिळावा म्हणून ही संस्था मी काढली. अट एकच: घरात काहीही बदलायचे नाही. न्यासाच्या चिटणीस स्वप्नाली मसुदा वाचून म्हणाल्या, "साहेब, बायका काखेत पोरं घेऊन येत्यात. कठडा नसंल तर आमाला घर नको." मी म्हटले, "मग रस्त्यावर बसा." अट कायम आहे. न्यासाने नाकारल्यास घर सरकारजमा करावे.

४. कायद्याची पुस्तके माझी ज्युनियर अनुजा हिला. ती वाचणार नाही, पण मागे कपाट भरलेले दिसले की पक्षकार जास्त फी देतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. माझ्या मरणाची खबर पृथ्वीराज यास बाराव्यानंतर द्यावी.

स्थळ: कोल्हापूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

(सही) हंबीरराव जोतीराम खराडे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. अमरसिंह भोपळे. मृत्युपत्र करणारे शुद्धीत आहेत, तपासले.

२. (सही) स्वप्नाली गुंडू चौगले. साहेबांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्यापुरतीच माझी साक्ष. मजकूर मला मान्य नाही. पृथ्वीराजदादांना मीच फोन करून बोलावलंय. खाली उभे आहेत. वर येऊ का, विचारतात.