परवडेल असं पिस्तूल

ग्योतोकु, जपान, ९ मे २००४

ती. स्व. पंढरीनाथमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मामींच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, औषध वेळेवर घ्या आणि मामांना जिना चढायला लावा, स्वतः चढू नका. अनुराग बरा आहे. त्याचं प्रोजेक्ट संपता संपत नाही, त्यामुळे नवरा मला फक्त रविवारी भेटतो.

पिस्तुलाचं विचारलंत. काय सांगू! गेल्या आठवड्यात हिय्या करून इथल्या पोलीस ठाण्यात गेले. माझं मोडकंतोडकं जपानी आणि समोर एक अतिशय नम्र अधिकारी. मी नेमबाज आहे, कोल्हापूरला मामांच्या हाताखाली शिकले, राज्य स्पर्धेत पदक मिळवलंय, मला सरावाला पॉइंट टू-टूचं साधं पिस्तूल घ्यायचंय, असं सगळं सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा वाकून हेच समजावलं की पिस्तुलाची परवानगी इथे संघटनेने निवडलेल्या मोजक्या खेळाडूंनाच मिळते. कुठली बंदूक परवडेल हे शोधत बसले होते मी, आणि इथे मुळात दुकानापर्यंतच जाता येत नाही.

मग त्यानेच एका क्रीडा केंद्राचा पत्ता दिला. तिथे प्रकाशाचं पिस्तूल असतं म्हणे. गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही, पडद्यावर गुण दिसतात. मी हसले. तो बिचारा गोंधळला. घरी येऊन मात्र रडले, ते तुम्हालाच सांगते आहे.

सध्या शोयूची, म्हणजे सोया सॉसची, भरलेली बाटली हात ताणून धरते आणि भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघते. खांदा तरी शाबूत राहील. तुम्ही तिथे माझ्यासाठी एखादं पिस्तूल बघून ठेवा. डिसेंबरात स्पर्धेला यायचं माझं पक्कं आहे.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
अनघा


कोल्हापूर, २५ मे २००४

चि. सौ. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या मामीने त्या पोलिसाला शिव्या घातल्या. मी घातल्या नाहीत. नियम म्हणजे नियम, मी पण फौजेत हेच केलं. पण रडायचं काय त्यात? रडून नेम सुधारला असता तर आमच्या क्लबातली निम्मी पोरं ऑलिंपिकला गेली असती.

नवं पिस्तूल आपल्या आवाक्यातलं नाही, तो विषय सोड. जुनी तीन पाहिली. एक इचलकरंजीचं, दिसायला देखणं, पण नळी पार झिजलेली; गोळ्या चाळणीतून पडाव्यात तशा विखुरतात. दुसरं स्वस्त आहे, पण ट्रिगर इतका जड की ओढता ओढता हात हलतो, आणि सुटे भाग मिळायचे वांधे. तिसरं मिरजेच्या जयप्रकाश कदमांचं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकताहेत. ट्रिगर किलोभर वजनावर सुटतो, म्हणजे नियमात बसतो, आणि सुटतो तो लोण्यासारखा. मूठ तुझ्या हाताला मोठी आहे, ती कानसून घेता येईल. स्वस्तातलं महाग पडतं हे बाजारातून फिरल्यावर कळलं. माझं मत कदमांच्याला. तुझं कळव.

आणखी एक. तुझी ती बाटली मला पसंत नाही. तिने मनगटाची सवय बिघडेल. आपल्या सुताराकडून त्याच मापाचं लाकडी पिस्तूल करून घेतलंय, आत लोखंडी पट्टी घालून वजनही बरोबर केलंय. काळा रंग असा झकास दिलाय की तुझी मामी दचकली! आजच पार्सल केलं.

अनुरागरावांना आशीर्वाद. खुशाली कळवत जा, आम्ही वाट बघतो.

तुझा,
पंढरीमामा


ग्योतोकु, ६ जून २००४

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कदमांचं! कदमांचंच! मूठ मात्र तुम्ही परस्पर कानसू नका, मी आल्यावर माझ्या हाताने बघून करू. मागे तुम्ही माझ्या एअर पिस्तुलाची मूठ घासलीत आणि अंगठ्याला जागाच उरली नव्हती.

परवान्याचा अर्ज तेवढा पुढे सरकवा. कदमांना म्हणावं, डिसेंबरपर्यंत थांबा. लाकडी पिस्तूल अजून पोचलं नाही, येईलच. आता मला इथल्या दिवसांचं काही वाटत नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या आशीर्वादाची गरज आहे, हे निराळं लिहायला नको.

तुमची,
अनघा


तोक्यो, २० जून २००४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी कधी तुम्हाला पत्र लिहीत नाही, त्यामुळे अक्षर बघून काळजी करू नका. आम्ही दोघं ठीक आहोत.

तुमच्या पार्सलवर तुम्ही मोठ्या अक्षरांत ‘पिस्तूल, एक नग, नेमबाजीच्या सरावासाठी’ असं इंग्रजीत लिहिलंत आणि फोन नंबर माझ्या ऑफिसचा दिलात. कस्टमचा फोन आमचे मॅनेजर मोरिता-सान यांनी घेतला. मामा, कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला शांतपणे खोलीत बसवलं आणि विचारत राहिले, की सासुरवाडीच्या माणसांनी पिस्तूल का पाठवलं. ते लाकडाचं आहे हे त्यांनीही पाहिलं. पण खऱ्यासारखं दिसतं आणि आत लोखंड आहे, म्हणून कस्टमने ठेवून घेतलं.

इथे चूक कुणाचीही असो, शिमात्सुशो म्हणजे लेखी माफीनामा द्यावा लागतो, तोही हाताने. अनघाचं जपानी मोडकंतोडकं असलं तरी माझ्यापेक्षा बरं. तिने कच्चा लिहून दिला, मी त्यावरून उतरवला. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतंय, ते पुढे सरकेल की नाही माहीत नाही.

माझा तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होतो, पण थोडा आहे. त्याहून जास्त त्रास होतो तो ती रोज स्वयंपाकघरात बाटली धरून उभी असते ते बघून. तिला इथे मी आणलं. मला वाटतं, पिस्तुलाचा विषयच बंद झाला तर तिला विसरायला सोपं जाईल. तुमचं ती ऐकते. हे पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही.

गैरसमज नसावा.

आपला,
अनुराग


कोल्हापूर, ११ जुलै २००४

चि. सौ. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

अनुरागरावांचं पत्र आलं. माझ्या पार्सलाने त्यांना खाली मान घालायला लागली, याची मला लाज वाटते. फौजेत आम्हाला शिकवलं होतं की खोक्यात जे असेल तेच खोक्यावर लिहायचं. ते तिथे असं अंगावर येईल हे डोक्यातच आलं नाही.

दुसरं असं की तुझा परवान्याचा अर्ज परत आला. साहेब म्हणाले, मुलगी राहते परदेशात, मग हत्यार सांभाळणार कोण? मी पुष्कळ वाद घातला. कदमांना मुलीच्या लग्नाची घाई, ते डिसेंबरपर्यंत थांबायला तयार नव्हते.

तेव्हा पिस्तूल अबोलीने घेतलं. ती एम. ए. करते आहे, दोन वर्षं माझ्याकडे शिकते, परवाना हातात आहे. मीच तिला घ्यायला सांगितलं. मूठ तिच्या मापाने कानसून झाली. अनुरागराव म्हणतात ते खरं आहे, पोरी. तिथे नीट संसार कर. पिस्तुलाचं मनातून काढून टाक.

तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. तू तरी लिही.

तुझा,
पंढरीमामा


ग्योतोकु, १ ऑगस्ट २००४

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर उत्तर लिहायला बसले आणि फाडलं, असं बऱ्याचदा झालं. हे मात्र पाठवणार.

मी फार चिडले आहे. जपानमध्ये मी निवडलेल्या खेळाडूंत नाही म्हणून पिस्तूल नाही, कोल्हापुरात मी बाहेर राहते म्हणून नाही, ते समजलं. सरकारशी भांडून उपयोग नाही. पण तुम्ही आणि अनुराग, माझी दोन माणसं, तुम्ही माझ्या पाठीमागे पत्रं लिहून माझं ठरवून टाकलंत. एकालाही वाटलं नाही की अनघाला विचारावं. अनुरागला तुमचं पत्र वाचायला दिलं. तो म्हणाला की मला त्रास होऊ नये म्हणून केलं. मी म्हटलं, माझा त्रास मला निस्तरू दे, तू तुझा माफीनामा निस्तर. मग दोघंही जेवलो नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकलंय, तेवढी काळजी करू नका.

एका शनिवारी त्या क्रीडा केंद्रात गेले. तोक्योच्या कोतो भागात आहे, स्टेशनपासून सायकलीने. प्रकाशाचं पिस्तूल हातात घेतलं. शेजारी साठीच्या पुढच्या बायका, शिक्षकाचं बोलणं मन लावून ऐकणाऱ्या. पहिल्या दिवशी माझे गुण त्या सगळ्यांपेक्षा कमी आले. ट्रिगर झटका देऊन ओढत होते, तुम्ही ज्याला शिव्या देता तोच झटका. धक्का नाही, आवाज नाही, म्हणून लपायला जागाच नाही. पुढच्या शनिवारी परत गेले. आता दर शनिवारी जाणार.

अनुरागला सांगितलं की डिसेंबरात मी एकटी कोल्हापूरला जाणार. नंतर बघते तर तो विमानाच्या तारखा शोधत बसलेला. अजून मी त्याच्याशी नीट बोलत नाही, पण चहा दिला.

स्पर्धेत माझं नाव घाला. क्लबचं एखादं जुनं पिस्तूल मिळेल तेवढं पुरे. बिघडलेलं असलं तरी तुमच्या मूठ कानसण्यापेक्षा बरं. आणि अबोलीला माझा निरोप द्या. ते पिस्तूल माझं होतं. ते तिने चांगलं सांभाळावं, रोज सराव करावा, कारण मी तिला हरवायला येते आहे.

मामींना नमस्कार. त्या अजून बोलत नसतील तर बोलू नका म्हणावं, निदान दिवाळीपर्यंत.

राग आहे, मायाही आहे. दोन्ही ठेवून घ्या.

तुमची,
अनघा