अकरा देशांची शीव जाणणाऱ्या नातीला सावंगीचं वावर

काल सर्वांत आधी आली ती माझी जाऊ मनकर्णाबाई. टँकर यायची वेळ, सगळ्यांचे हंडे रांगेत, आणि ही बाई नवं लुगडं नेसून दारात उभी. तिच्यामागं माझे धाकटे दीर कडुबा, आणि त्यांच्यामागं वैजापूरचे काकासाहेब, आमच्या भावकीतले वडीलधारे. तिघं एकदम चहाला आले की काहीतरी मागायला आलेत हे मला कळतं. कप खाली ठेवायच्या आतच कडुबा भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं वावर पोरीला देऊ नका. जुगाराच्या कंपनीत हाय ती. आमच्या नातवाच्या नावावर करा, घरातलं घरात राहील." त्यापायी आज हा कागद करायला बसले.

तर लिहून ठेवते ते असं. मी बानाबाई खंडेराव शिंगाडे, वय अंदाजे चौऱ्याहत्तर. अंदाजे म्हणण्याचं कारण, मी झाले तेव्हा आमचा कळप खुलताबादेच्या डोंगरावर होता आणि तिथं नोंद करायला कोणी नव्हतं. शाळा दुसरीपर्यंत. राहणार सावंगी, फुलंब्री रस्ता, तालुका जिल्हा छत्रपती संभाजीनगर. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तशी चिठ्ठी दिली, वर म्हणाले, "आजी, माझ्यापेक्षा बरं चालतंय तुमचं." हा कागद मी राजीखुशीनं करते, कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव काल आला होता, तो चहा पिऊन गेला. वकिली शब्द तहसीलीपाशी बसणाऱ्या अर्जनविसानं सांगितले, बाकी हात माझा. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि पुढचा पत्रा, माझा मुलगा सर्जेराव याला. पत्रा गळतो, हे त्याला ठाऊक आहे. अकरा मेंढ्याही त्यालाच. काळ्या कानाची मेंढी विकू नये, ती मला हाक मारते.

कलम दोन. माझ्या नावचं एक एकर वावर, रस्त्यालगतचं, विहिरीसह. हे वडिलोपार्जित नाही. माझ्या दंडातल्या चांदीच्या वाक्या मोडून मी ते घेतलं, तेव्हा इथं बोरी आणि खडक होता. आता शहर चालत चालत बांधापर्यंत आलं, तर सगळ्यांना ते गोड लागतं. हे वावर माझ्या पश्चात माझी नात सृष्टी सर्जेराव शिंगाडे हिच्या एकटीच्या मालकीचं व्हावं. सर्जेरावाला विचारलं आहे. तो म्हणाला, "आई, तुझं तू बघ, मी आड येत नाय."

आता का, ते लिहिते. अर्जनवीस म्हणाला कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही साठ मेंढरं घेऊन वैजापूरच्या पलीकडं निघालो होतो. तिकडच्या एका गावच्या पाटलानं आदल्या साली शब्द दिला होता, वावरात मेंढरं बसवा, खत आम्हाला, धान्य तुम्हाला. त्या शब्दावर आमचे मालक न विचारता शीव ओलांडून गेले. पाटील दिवाळीत वारले होते. लेकानं नवा नियम केला होता, बाहेरच्या कळपाला विहीर बंद. आमची मेंढरं कोंडवाड्यात गेली, आणि सुटेपर्यंत सात तहानेनं मेली. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्यात रीत पडली. कळप शिवेबाहेर थांबवायचा, एकानं पुढं जाऊन विचारायचं, गेल्या साली विचारलं असलं तरी. ते एक माणूस म्हणजे मीच असायची. एका गावात गावच्या जनावरांचं पाणी झाल्यावरच आपलं. दुसऱ्यात कुत्रं बांधून ठेवायचं. तिसऱ्यात बाभळीला हात लावायचा नाही, खाली पडल्या तेवढ्याच शेंगा. मला अठ्ठावीस गावांचे नियम तोंडपाठ होते. हे सगळं मी सृष्टीला लहानपणी झोपवताना सांगितलं, आणि पोरगी झोपायची नाही, विचारायची, "मग चौथ्या गावात?"

ती वकील झाली. आता एका परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत आहे. ती कंपनी फोनवर पैसे लावून खेळायचे खेळ चालवते, अकरा देशांत. मी आधी रागावले. म्हटलं, "पोरी, जुगारवाल्यांचं मीठ खातीस?" ती म्हणाली, "आज्जी, मी खेळायला लावत नाय. कळप कुठल्या शिवेवर थांबवायचा ते सांगते. आत जायला मनाई असंल तिथं दार लावते." मग एकेक सांगत बसली, आणि मी तोंडात बोट घालून ऐकत बसले. इंग्लंडात उधारीच्या कार्डावर खेळू देत नाहीत. जर्मनीत माणसानं महिन्याला किती भरायचं त्याला हद्द आहे. हॉलंडात नावाजलेल्या खेळाडूला जाहिरातीत उभं करायचं नाही. आणि हे दर साली बदलतं. पाटील मेला की लेकाचा नियम! ती सगळं वाचते, परक्या भाषेतलंसुद्धा.

तिच्या साहेबांकडं कुठल्याशा लहान बेटाचा परवाना होता. त्या एका कागदावर त्यांना आणखी दोन देशांत शिरायचं होतं. सृष्टी म्हणाली, हा कागद तुम्हाला तिथल्या शिवेच्या आत नेत नाही. साहेब ओरडले, "तू कंपनीची की सरकारची?" पोरीनं त्यांना माझ्या सात मेंढरांची गोष्ट सांगितली. भर बैठकीत, इंग्रजीतून! वर म्हणाली, मला काढा, पण सही मी करणार नाही. दोन महिने तिची नोकरी आज जाते की उद्या अशी होती. मग तसाच कागद घेऊन घुसलेली दुसरी एक कंपनी तिथं पकडली गेली, आणि साहेबांनी फोन करून माझे, माझे, आभार मानले. मी म्हटलं, मेंढरांचे माना.

आता तिला इथं येऊन स्वतःची कचेरी टाकायची आहे, याच वावरात, विहिरीजवळ. अशा कंपन्यांना देशोदेशीचे नियम सांगायची. पण काल भाऊजींचं बोलणं तिच्या कानावर गेलं आणि फोनवर म्हणाली, "भांडण नको आज्जी, दे त्यांना. मी पुण्यातच राहते." बस, तेवढंच मला लागलं. पोरगी परत येत होती, ती शिवेवरूनच माघारी फिरली. म्हणून कलम दोन मी दोनदा वाचून सही करणार आहे.

कलम तीन. कडुबा भाऊजींना मालकांची घोंगडी, आणि एक आठवण. मागच्या हिवाळ्यात ते मेंढरं विकायला निजामाबादला गेले आणि आल्यावर फोन घेऊन माझ्याकडंच आले होते. "वहिनी, बिघडला का ओ हा? तिकडं पत्तेच वाटंना." सृष्टी सुट्टीला आली होती. म्हणाली, "आबा, बिघडला नाय. तेलंगणात पैसे लावून खेळायला बंदी हाय. तिथं शिरलं की खेळ बंद व्हतो. खेळ आमच्याच कंपनीचा, ते दार मीच लावलंय." काल ते जुगारावर बोलत असताना मी एवढंच विचारलं, "भाऊजी, इथं वाटतोय का पत्ते?" मनकर्णाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. तिला ठाऊकच नव्हतं. काकासाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून उपरणं तोंडावर धरलं, पण खांदे हलताना मला दिसले.

कलम चार. मनकर्णाबाईला माझं पितळी घंगाळ. तिनं ते तीस वर्षांपूर्वी मागितलं होतं, मी दिलं नव्हतं. चूक माझी होती.

कलम पाच. सृष्टीवर अटी दोन. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात वस्तीला द्यावं, टँकर येवो न येवो. आणि स्वतः कधी पैसे लावून खेळू नये, नियमात बसत असलं तरी. या कागदाचा अंमल करायला मी सर्जेरावाला नेमते. सृष्टीला हा कागद मी दाखवलेला नाही. जिला मिळायचं तिनं साक्षीला राहू नये, हेही मला तिनंच शिकवलं.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: बानाबाई खंडेराव शिंगाडे (अंगठा नाही, सहीच)

साक्षीदार: १. मुंजाबा, शेजारी, दूधवाले. २. वच्छलाबाई, अंगणवाडीच्या सेविका.

ठिकाण: सावंगी. तारीख: २४ मे २०२४, शुक्रवार.

ता. क. पाहुण्यांनी यावं, चहा आहेच. फक्त या खेपेला बांधाशी थांबावं आणि एकानंच पुढं येऊन विचारावं. विचारायचं ते सृष्टीला. तिला मी सोमवारच्या गाडीनं बोलावलं आहे. कालचे तिघं मंगळवारी परत येतो म्हणून गेलेत.