पुण्याला न गेलेली गाडी

अण्णा, परवा तुमची गाडी घेऊन मिस्त्रीचाचांकडं गेले होते. ही ठेवायची का दुसरी घ्यायची, एवढंच विचारायचं होतं. मला मुरुमच्या कॉलेजात तासिकेवर काम मिळालंय, आठवड्यातले चार दिवस. आपल्या घरापासून तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट करत मुरुम गाठायचं म्हणजे एका बाजूनं शंभर किलोमीटर धरा. एसटी दोनदा बदलावी लागते आणि पहिला तास साडेआठला. चार-दोन तास बुडाले की ते लोक दुसरं माणूस बघतात. म्हणून गाडी पाहिजे. समोर दोनच होत्या. एक तुमची, वीस वर्षांची, डिझेलची, तुम्ही गेल्यापासून मामानं आठवड्यातून एकदा फिरवून जिवंत ठेवलेली. दुसरी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची, तीनच वर्षं वापरलेली, पेट्रोलची. डॉक्टर मोठी गाडी घेतायत, म्हणून ही काढतायत. माझं मन डॉक्टरांच्या गाडीवर होतं. आई तुमच्या गाडीच्या बाजूनं.

"लिटरला बावीस देती ती," आई म्हणाली. "डॉक्टरची किती देती? चौदा? आन् डॉक्टरची गाडी घेतली म्हणून लोकं तुला नाडी दाखवायला येणारेत व्हय?"

मी म्हणाले, "आई, ती ऐन टायमाला दगा देती. मला एकदा दिलाय तिनं."

 आई म्हणाली, "एकदाच की. सगळ्या जन्मात एकदाच."

त्या एकदाचं तुम्हाला मी सांगायला नको. पण सांगणार आहे, कारण इतकी वर्षं मी ते चुकीचं सांगत आले. दोन कथांत घातलं, एका कवितेत घातलं, मैत्रिणींना तर किती वेळा सांगितलं. बारावीचा निकाल लागलाय, पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच यादीत माझं नाव आलंय, होस्टेलसकट. मूळ कागदपत्रं घेऊन दुपारी चारच्या आत हजर राहायचं, आणि आज शेवटचा दिवस. सकाळचे सहा वाजलेत. मी पुढच्या सीटवर बसलेय, मांडीवर फाईल. आई धपाट्यांचा डबा खिडकीतून आत देते. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय, जो फक्त झेंडावंदनाला घालायचात. किल्ली फिरवता. सेल्फ फिरतो, खर्र खर्र करतो, इंजिन पकडत नाही. परत फिरवता. परत तेच. तुम्ही खाली उतरता, बॉनेट उघडता, आत वाकून बघता, परत येऊन सेल्फ मारता. मग फोन घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाता, बोलता, परत येता. "मिस्त्री निघालाय. धा मिन्टं."

सात वाजतात. साडेसातला मी म्हणते, "अण्णा, एसटीनं जाऊ का?"

"अगं थांब की. दारात गाडी असताना धक्के खात कशाला जायचं? येतोय त्यो."

साडेआठ वाजतात, मग साडेनऊ. मिस्त्री कुठंतरी अडकलाय, मिस्त्रीची मोटरसायकल पंक्चर झालीय, मिस्त्री बस स्टँडपर्यंत आलाय. साडेदहाला मला कळतं की आता हेलिकॉप्टर मिळालं तरच. मी गाडीतून उतरते आणि पुढच्या टायरला लाथ घालते. सगळ्या आयुष्यात तुम्ही माझ्यावर तसे ओरडला नव्हता. "लाथ मारू नको तिला! तिची काय चूक हाय?" समोरची काकू दळण घेऊन निघाली होती, ती सुद्धा थांबली. मला वाटलं, गाडी म्हणजे लक्ष्मी, पाय लावला म्हणून अण्णा चिडले. मी खरंच वाकून टायरला हात लावून पाया पडले.

आणि तुम्ही पायरीवर बसलात. डोकं दोन्ही हातांत. डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. मी आतून तांब्या-पेला आणला. तुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ द्या अण्णा. जुनी गाडी हाय, तिचा काय भरवसा. पुढच्या वर्षी जाईन की मी." अठरा वर्षांची मी, माझंच सगळं गेलेलं, आणि मी तुमची समजूत काढतेय. तुम्ही पाणी प्यायलात. पेला मला परत दिलात. काही बोलला नाहीत. पुढच्या वर्षीची यादी लागायच्या आधीच, जानेवारीत, शाळेचा परिपाठ चालू असताना तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. मग आईला एकटं टाकून पुण्याला कोण जातंय.

तर परवा. चाचांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून कान लावला, पुसायच्या फडक्यानं हात पुसत म्हणाले, "बेटा, हे इंजिन आणखी धा वर्षं जातंय. इकू नको."

मी म्हणाले, "चाचा, चांगलं असंल. पण मला भरवसा वाटत नाही. पुण्याला जायच्या दिवशीच बंद पडली होती."

"कवा?"

"माझ्या अॅडमिशनच्या दिवशी. अण्णा तुम्हाला फोन करून करून दमले."

चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं. "बेटा, त्या आठवड्यात ह्याच जागेवर गाडी होती. क्लच प्लेट, बेल्ट, ऑइल, समदं नवं टाकलं. गुरुजी म्हणले, पोरीला पुण्याला सोडायचंय, वाटंत थांबाय नको. मी म्हणलं, पुण्याला काय, दिल्लीला जावा. फोन? मला फोन न्हाय आला."

"मग पडली कशी बंद? सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग गाडी बंद केली, आत वाकले, इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या डोक्यावरची एक बारीक वायर चिमटीत धरून काढली आणि म्हणाले, "मार सेल्फ."

मी मारला. खर्र खर्र. अण्णा, तो आवाज मी कुठंही ओळखेन. सहा वाजता, फाईल मांडीवर, धपाट्यांचा वास, तोच आवाज.

"असंच?"

"असंच."

त्यांनी वायर परत बसवली. "आता मार." एका फटक्यात चालू झाली.

मी म्हणाले, "आपोआप निघाली असंल. खड्ड्यानं, हादऱ्यानं."

"निघती की. पर आपोआप निघालेली आपोआप बसती का, बेटा?" मग त्यांनाच नको ते बोलून गेल्यासारखं वाटलं. खाली बघत म्हणाले, "गुरुजींनी इचारलं होतं मला. गाडी रातभर भाईर असती, चोराचं भ्या वाटतं, म्हणले. असं काय काढलं की चालू बी होणार न्हाय आन् बिघडणार बी न्हाय? मी दाखवलं. मला काय ठाव, बेटा. कसम से, मला काय ठाव."

मी त्यांना म्हणाले, तुमची काय चूक. गाडी घेऊन निघाले आणि आठवडी बाजाराच्या कडंला थांबवून बराच वेळ स्टेअरिंग धरून बसले. आणि एकेक आठवायला लागलं. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही म्हणाला होतात, मिस्त्री येऊन गेला, किरकोळ होतं काहीतरी. मी त्या वेळी आत्याकडं गेले होते, तुम्हीच पाठवलं होतं. चार दिवसांनी तुम्ही सोलापूरहून माझ्यासाठी सागवानी टेबल आणलं, गाडीच्या टपावर दोरानं बांधून. जी गाडी पुण्याला जायला उठत नव्हती ती टपावर टेबल घेऊन तुळजापूरचा घाट चढून आली, आणि मी, पहिल्या यादीत नाव लागलेली हुशार पोरगी, टेबलावरून हात फिरवत म्हणाले, अण्णा किती चांगलंय. एवढं साधं मला जुळवता आलं नाही. तुमच्याबद्दल काही जुळवून बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

राग कशाचा येतो सांगू? तुम्ही हेडमास्तर होता. ज्या ज्या गावात बदली झाली तिथं तुम्ही घराघरांत जाऊन बसायचात. मी लहान असताना मला सोबत न्यायचात, नमुना म्हणून. "ही माझी. हिला मी शिकवणार, जेवढं शिकंल तेवढं. तुमच्या पोरीला का काढताय शाळेतून?" जळकोटजवळच्या त्या वस्तीवर एक बाई म्हणाली होती, "गुरुजी, तुमचं बरं हाय, तुमाला पगार हाय." आणि तुम्ही म्हणाला होतात, "पगाराचं सोडा, धाडस पायजे." स्कॉलरशिपच्या परीक्षेला ह्याच गाडीत पाच पाच पोरी कोंबून न्यायचात. एकदा तरी तेव्हा ती बंद पडली का? लोकांच्या पोरींना वेळेत नेणारी गाडी. त्यातली एक आता लातूरला नर्स आहे, भेटली की तुमचं नाव काढून रडते. मी पण तिच्याबरोबर रडायचे. पुढच्या वेळी काय करायचं मला कळत नाही.

तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं. एवढंच. समोर बसवून म्हणायचं, पुणं लांब आहे, मला भीती वाटते, तुझ्याशिवाय घरात करमणार नाही, लोक काय म्हणतील, काय वाटेल ते. मी भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. आईला मध्ये घातलं असतं, नसतंच जमलं तर पहाटेच्या एसटीत एकटी जाऊन बसले असते. कदाचित हरले पण असते. पण ते भांडण माझं होतं, अण्णा, आणि तुम्ही ते होऊच दिलं नाही. तुम्ही मला गाडीशी भांडायला लावलं.

आणि ते डोळ्यांतलं पाणी. मी लिहिणारी आहे, माणसं उभी करते, त्यांना रडायला लावते, कुणाचं रडणं खरं आणि कुणाचं ढोंग ते मीच ठरवते. तुमचं मला ठरवता येत नाही. परवापासून दोन्ही बाजूंनी लिहून बघितलं. ढोंग लिहिलं तर तुम्ही दिसत नाही, दुसराच कुणीतरी दिसतो. खरं लिहिलं तर जास्तच राग येतो, कारण मग तुम्हाला कळत होतं की काय करताय, आणि बॉनेट उघडून वायर परत बसवायला साडेनऊपर्यंत वेळ होता. दहापर्यंत होता. मी तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा तरी एक शब्द बोलायचा. मी तुमच्यासाठी पाणी आणलं होतं.

काल डॉक्टरांना हो म्हणून आले. घरी आले तर आई चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस असताना भाकरी चुलीवरच करते, तुम्हाला आवडायची तशी. परवा मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, काल येताना सगळं पाठ केलं होतं, कुठून सुरू करायचं, वायरचं कसं सांगायचं. आईनं मान वळवली नाही. म्हणाली, "काय म्हणला मिस्त्री?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायला लागली, "त्यास्नी लई लागून राहिलं होतं बघ. पोरीला पुण्याला नेता आलं न्हाय, ह्या गाडीपायी. मरायच्या आदल्या हप्त्यात सुदिक म्हणत होते. म्हणून मला वाटतं ती इकू नये."

आता हिला काय सांगायचं.

"मिस्त्री म्हणला, इंजिन संपलंय," मी म्हणाले. "घाटात कधी पण बंद पडंल. नवीन घ्या म्हणला."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मग राहू दे बया. जिवापरीस काय. घे डॉक्टरची."

सोमवारी पहिला तास आहे. तुमची गाडी कुणाला द्यायची ते मामा बघेल. हे पत्र आजच फाडावं लागेल, कारण घरात ठेवलं की आईच्या हाती लागणार, आणि तिला वाचता येतं, तुम्हीच शिकवलंय. चाचांना फोन करून सांगून ठेवायचं आहे, आईनं विचारलं तर इंजिन संपलंय असंच सांगा म्हणून. ते ऐकतील. तुम्हाला माफ केलं असा अर्थ ह्यातून काढू नका, तसं काही झालेलं नाही. फक्त आईपुढं खोटं बोलताना जड जाईल असं वाटलं होतं, अण्णा. गेलं नाही.