सांबऱ्याच्या वळणावरचं पाणी

प्रिय आक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहायला बसलेय. फोन चार वर्षांत उचलला नाहीस, आताही उचलला नसतास. मला एकच विचारायचंय आणि ते रविवारपासून डोक्यात नुसतं भुणभुणतंय. सांबऱ्याच्या वळणावर तू माझ्या पायावर पाणी ओतलंस, तेव्हा ती मी आहे हे तुला ठाऊक होतं का?

थांब, आधी मी तिथं कशी आले ते सांगते, आणि हसू नकोस. खो-खोमध्ये नुसती बसून राहायला मिळतं म्हणून खेळणारी तुझी ही बहीण सेहेचाळिसाव्या वर्षी एकवीस किलोमीटर पळाली. खानापूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन बसवायचंय, त्याच्या मदतीसाठी ही अर्धी मॅरेथॉन होती. आमच्या ऑफिसातल्या अबोलीनं फॉर्म आणला आणि मी वाचता वाचताच सही केली. तुला ती माणसं आठवतात ना गं? आईला घेऊन आपण मंगळवार-शुक्रवार दवाखान्यात जायचो, तेव्हा बाकावर पेंगत बसलेली, पहाटे चारला खानापूरच्या पलीकडून जंगलातल्या गावांतून निघालेली. आई त्यांना आपल्या डब्यातली भाकरी द्यायची आणि प्रत्येकाचं गाव विचारायची. खडेबाजारात बूट घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, मुलाच्या पायाचं माप सांगा. म्हटलं, मुलाच्या आईचं घ्या! पाच महिने व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळाले. सुरुवातीला तर तिथली कुत्रीही माझ्यामागं पळायची नाहीत, चालत चालतच गाठायची.

मग रस्त्याचा नकाशा हातात आला. बेळगावातून निघायचं, सांबऱ्याच्या, म्हणजे तुझ्याच गावाच्या वेशीवर वळायचं आणि परत. नाव काढून घ्यावं असं दोनदा वाटलं. नाही काढलं. तू दिसशील का, हेही मनात होतंच, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी थंडी मरणाची. वेशीवर पोचले तर समोर बायकांची ही रांग, डोक्यावर पदर, हातात तांबे! आयोजकांनी गावाला पळणाऱ्यांचं स्वागत करा म्हणून सांगितलं होतं. त्यांना वाटलं असेल टाळ्या वाजवतील, फार तर फुलं टाकतील. पण दुसऱ्याच्या भल्यासाठी पायपीट करतोय म्हणजे तो यात्रेकरूच, असं आपल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. सौंदत्तीला देवीच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यांच्या पायावर ओततात तसं सगळ्यांच्या पायावर पाणी! बूट घातलेत का काय घातलंय, कोण बघतंय? माझ्या पुढं बेंगळूरचा एक उंच पोरगा होता, तो 'शूज, शूज' करत एका पायावर नाचत होता. रांगेतल्या रुक्माबाईनं त्याची पोटरीच धरली. म्हणाली, 'उभा ऱ्हा की रं, चांगल्या कामाला निघालायस, असा काय नाचतोस!' मला हसू आवरेना.

आणि हसत हसतच खाली बघितलं तर माझ्या बुटावर ओतणाऱ्या तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, बाळाबाई. आपल्या आईचा तांब्या. तू वाकलेली होतीस, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मनगटावरचा तव्याचा डाग दिसला. पाणी संपलं आणि तू माझ्या ओल्या बुटांवर दोन्ही हात ठेवून नमस्कार केलास. आक्का, तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी! मी पाय मागं घ्यायला हवे होते, 'असं नको गं करूस' म्हणायला हवं होतं. मग तू कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिलीस, वर न बघताच, आणि मागून शिट्टी वाजली म्हणून मी पळत सुटले.

परतीचे दहा किलोमीटर मी हाच हिशेब करत होते. पाणी घालताना पायाकडं बघायचं, तोंडाकडं नाही, ही रीतच आहे, म्हणजे तू बघितलं नसशील. पण छातीवरच्या कागदावर माझं नाव होतं की! मग वाटलं, पदर एवढा ओढलेला, तुला ते कुठलं दिसायला? पण माझ्या बुटांवर तुझे हात जरा जास्त वेळ होते. का तेही मलाच वाटलं? पंधराव्या किलोमीटरला टाचांना फोड आले, अठराव्याला ते फुटले. अबोली म्हणाली, गाडीत बस. मी म्हटलं, मेले तरी बसणार नाही. लंगडत लंगडत पोचले. माझ्यामागं चारच जण होते आणि त्यातले दोघं सत्तरीचे.

मैदानात सगळे पुड्या सोडून गूळ-शेंगदाणे खात होते. मी माझी पुडी अबोलीपुढं धरली. शेंगदाणा माझ्या तोंडाला लागला की काय होतं ते तुला सांगायला नको. सातव्या वर्षी माझे ओठ सुजले, श्वास लागला, तेव्हा पाठुंगळीला घेऊन डॉक्टरकडं तूच पळाली होतीस. पुढं माझ्या पोह्यांतले दाणे लग्न होईपर्यंत वेचलेस. अबोलीनं पुडी सोडली. आत गूळ होता आणि फुटाणे. मी उठले, तसल्या पायांनी मैदानभर फिरले, दिसेल त्याला त्याच्या पुडीत काय होतं ते विचारलं. सगळ्यांना शेंगदाणे. आणि आता हे लिहिता लिहिता आठवलं, बाकीच्यांच्या पुड्या तू बाजूच्या बुट्टीतून काढत होतीस, माझीच तेवढी कमरेला वेगळी खोचलेली.

म्हणजे ओळखलंस का, हे आता विचारायला नकोच. मी येणार हे तुला कुणी सांगितलं, ते भेटल्यावर सांग, मला लई उत्सुकता आहे. पण पत्र त्याच्यासाठी नाही. आईच्या दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हणाले होते, डायलिसिस बंद करून तू आईला घरी नेलंस, तू आईला मारलंस. तू एक शब्द उलट बोलली नाहीस. आक्का, आईनं आधी मलाच विचारलं होतं. त्याच बाकावर माझा हात धरून म्हणाली होती, 'बास झालं गं आता, मला घरला ने.' मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि चहा आणायला उठून गेले. म्हणून तिनं तुला विचारलं, आणि तू नेलंस. हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही, तुझ्यावर ढकलून मोकळी झाले. चुकले मी. भावकीसमोर बोलले होते, भावकीसमोरच परत घेईन. येत्या रविवारी सकाळच्या बसनं येतेय. आईचाच तांब्या काढून ठेव, या खेपेला पाणी मी ओतणार. तू फक्त पाय मागं घेऊ नकोस.

तुझीच, अजून लंगडणारी,
रचना