जेवलीस का?

२ फेब्रुवारी

चार डॉक्टर झाले, दीड वर्ष गेलं, आणि निदान काय — पोट आळशी आहे! या पाचव्या डॉक्टरीणबाईंनी कसलंसं औषध घातलेलं अंडं खायला दिलं आणि अधूनमधून फोटो काढत बसल्या. चार तासांनीही अंडं बरंचसं जागच्या जागी. घर सोडायला तयार नसलेल्या भाडेकरूसारखं. आधीच्या चौघांचं म्हणणं, "टेन्शन घेता तुम्ही." एकजण तर म्हणाला, "लग्न करा, भूक लागेल." त्याला तो फोटो फ्रेम करून पाठवावा म्हणते.

आता थोडं थोडं खायचं, दिवसातून सहा वेळा. सालं, बिया, चोथा बंद. लोणी, साय, तळलेलं बंद — स्निग्ध काही गेलं की पोट आणखीच हातपाय गाळतं. हे करून वजन सावरलं तर ठीक. पुढच्या तपासणीला काटा आजच्या खाली गेला, तर नाकातून नळी.

मी गाडी शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगून टाकलं. म्हणाले, "नळी लावलेली बाई गाडीत बघून गिऱ्हाईक पळेल हो." पोटाची चौकशी केली नाही.

५ फेब्रुवारी

"जेवलीस का?" — पेट्रोलपंपावरची मुलगी विचारते, शेजारीण विचारते, मालकांची बायको फोनवर विचारते. खरं ऐकायचंय कुणाला? मी सगळ्यांना "हो" म्हणून मोकळी होते.

आई तर दिवसभर तेच. "जेवलीस का? एवढंच? चिमणीचा घास!" स्वतः मूळची भरलेली बाई, पूर्वी तिचा दंड म्हणजे माझी मांडी. तिला माझ्या वाटीकडे बघवत नाही. मग बघू नकोस ना!

९ फेब्रुवारी

भोपळा उकडून, गाळून सूप. बटाट्याचा लगदा. अंड्याचा पांढरा भाग. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही, म्हणून गाडीभोवती चकरा. हे सगळं राहिलं पोटात! दोन दिवस उलटी नाही. आई म्हणाली, "सूप मी करत जाईन, तू दमून येतेस." बरं म्हटलं.

१४ फेब्रुवारी

आज नवीन शिकाऊ बाई. आल्या आल्या, "मॅडम, काय फिगर राखलीय! डाएट सांगा ना." सांगते! आधी दीड वर्ष ओका. मग केस गळू द्या. मग जिने चढताना कठड्याला लटका. हे सगळं मनात. तोंडाने म्हटलं, "क्लच दाबा."

दाबला ब्रेक. आख्खा दाबला. माझ्या पोटातलं सकाळचं सूप गळ्याशी.

२१ फेब्रुवारी

पुन्हा सुरू झालं. सगळं नियमाने खातेय, तरी दुपारपासून पोट दगड. आज चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली आणि दार उघडून ओकले. रिटायर झालेले साहेब शिकत होते, ते घाबरून म्हणाले, "माझं काही चुकलं का?" नाही हो, तुमचं नाही. मग कुणाचं? कमरेचा पट्टा आणखी एक भोक आत गेलाय. सरळ नळीच्या दिशेने चाललेय मी.

२७ फेब्रुवारी

आई शिवणमशीनवर काहीतरी आवळत बसली होती. मी खोलीत गेल्यावर पटकन झाकलं. माझेच कपडे असणार! मी सांगितलं होतं का? म्हणजे हिने मनाशी ठरवूनच टाकलंय की मी आता भरून येणार नाही. दार आपटलं.

६ मार्च

सापडलं!

सुपाचा डबा रात्रभर गाडीत राहिला. सकाळी उघडला तर वर पिवळा, जाड तवंग. बोटाने उचलला. लोणी! चमचाभर नाही, गोळाच्या गोळा.

घरी आले आणि डबा आईसमोर आदळला. हात पुसत म्हणाली, "अगं, नुसत्या पाण्यावर कुणी जगतं का? अंगाला लागायला नको?" अंगाला! मी रोज ओकत होते आणि ही रोज घालत होती. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलवत होती! मी किंचाळले. "यापुढे माझ्या पातेल्याला हात लावायचा नाही. माझं मी करीन, तुझं तू कर!"

"बरं," म्हणाली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च

दादाचा फोन. आईने सांगितलेलं दिसतंय. "आई आहे ती. पोटात घाल." पोटात? माझ्या? तिथे दुपारचा बटाटा अजून ठाण मांडून बसलाय, आता आईचे अपराध कुठे ठेवू? स्वतः वर्षातून दोनदा उगवतो आणि मला शहाणपणा शिकवतो. ठेवून दिला फोन.

१५ मार्च

एका घरात दोन स्वयंपाक. मी माझं उकडते, गाळते, खाते. ती तिकडे तोंड करून बसते. विचारत नाही काही. आज मी खात असताना उठून गेली. "माझं झालंय मघाशीच," म्हणाली. बरोबर आहे, माझ्या गाळलेल्या वाटीसमोर बसून कोण खाईल?

२३ मार्च

उलटी नाही. आठवडाभर नाही! आज तर मासा खाल्ला — वाफवलेला, काटे काढून, कुस्करून. तिखट-मीठ बरोबर पडलं होतं. रडू आलं, इतका चांगला लागला. आईला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. अजून राग आहे मला.

आई थंडी थंडी म्हणत दोन-दोन स्वेटर घालून फिरते. एवढ्या उकाड्यात! म्हातारपणाचे नखरे.

४ एप्रिल

तपासणी. आई बरोबर आली, माझी पिशवी धरून. काट्यावर चढताना डोळेच मिटले. नर्स म्हणाली, "दीड किलो जास्त!" नळी नाही! डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. मला ओरडावंसं वाटत होतं — बघा, साहेब, मालक, दादा, सगळे बघा!

नर्स चांगली होती. आईला म्हणाली, "मावशी, या, तुमचंही बघू. आधी ते स्वेटर काढा." आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" नर्सने हसत हसत स्वेटर काढायला लावले. पहिला. दुसरा. आत त्या दिवशी मशीनवर झाकलेला — माझा नाही, आईचाच झगा होता. दोन्ही बाजूंनी आवळून शिवलेला.

काटा माझ्या आकड्यापर्यंत पोचलाच नाही.

नर्सचं हसू थांबलं. आई माझी पिशवी छातीशी धरून म्हणाली, "तू आजारी पडल्यापासून तुझ्यासमोर घास उतरायचा नाही गं. नंतर खाईन म्हणायची, मग भूकच मरायची."

४ एप्रिल, संध्याकाळ

आईला विचारलं, "जेवलीस का?"

"हो," म्हणाली. अगदी मी म्हणते तसं.