कुलपांच्या दुकानातल्या बँडची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी शाळेत संगीत शिक्षिका आणि हल्ली घरी बसून तेच, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "बाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय." हे वाक्य दाखल्यात आले नाही, म्हणून इथे घातले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने थोडा आणून पाहिला, त्याचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे एखादे निघालेच, तर ते खोटे समजावे.

शाळेत आणि गल्लीत मला बँडबाई म्हणतात. सहावी ते आठवीच्या मुलांना मी बँड शिकवला. एखाद्याचा बँड वाजला म्हणजे त्याची वाट लागली असे लोक म्हणतात. माझे घर मात्र त्यावरच चालले.

१. घर

घर माझ्या यजमानांनी बांधले. ते कुलूपवाले होते. तळमजल्यावर रस्त्याकडे त्यांच्या दुकानाची खोली, मागे दोन खोल्या आणि मोरी, वर एक मजला. त्यांच्या पश्चात हे सगळे रीतसर माझ्या नावावर झाले आहे. त्यावर कर्ज किंवा कोणाचा बोजा नाही.

वरच्या मजल्यावर माझी नणंद राहते. मी तिला वन्सं म्हणते. वन्संनी तिथे तहहयात राहावे. त्यांना कोणीही, हवापालटाच्या नावाखालीसुद्धा, हलवू नये. जिन्याचा कठडा ढिला झाला आहे, तो माझ्या शिलकीतून दुरुस्त करावा.

वन्सं आणि मी वर्षानुवर्षे भांडलो. खाली बँड सुरू झाला की त्या वरून जमिनीवर काठी आपटत. मी वर जाऊन म्हणायची, "वन्सं, मुलं आहेत, शिकतायत." त्या म्हणायच्या, "शिकू देत ना. पण शिकून झाल्यावर वाजवू देत." एकदा ढोलावरचा मुलगा लय सोडून भरभर वाजवत सुटला, बाकीचे वाजवत त्याच्यामागे धावू लागले, आणि वरून काठीचे ठोके पडले. या वेळी ते संथ आणि सारख्या अंतराने पडत होते. मुले सावरली आणि शेवटपर्यंत नीट गेली. मी वर गेले तर वन्सं भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "डोकं उठलं होतं, म्हणून आपटली." त्यांच्या काठीबद्दल माझी तक्रार त्या दिवसापासून बंद आहे, हे वन्संना कळावे म्हणून लिहिते.

२. वाद्ये

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, दोन क्लॅरिनेट, शिंगे, लहानमोठे ढोल आणि झांजा, ही सर्व वाद्ये माझी स्वतःची आहेत. शाळेने कधी हक्क सांगितला तर तो चालणार नाही, कारण ती मी भंगारवाल्याकडून विकत घेतली आणि त्याची पावती कपाटात आहे.

ते असे घडले. शाळेत नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी मला बोलावून विचारले, "बाई, बँडमुळे गणिताचे मार्क वाढतात का?"

मी म्हटले, "माहीत नाही. गणितामुळे कोणाचा ट्रम्पेट सुधारल्याचंही मी पाहिलं नाही."

हे उत्तर महागात पडले. पुढच्या सहामाहीत बँडचे तास सराव परीक्षांना गेले, बँडच्या खोलीत बाके आली आणि वाद्ये जिन्याखालच्या कोठडीत गेली. मला सहावीला चित्रकला शिकवायला सांगितले. मला सरळ रेघ काढता येत नाही, हे मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखले. वर्ष संपताना एका दुपारी फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी दिसली. पोत्यातून ट्रॉम्बोनचे तोंड बाहेर आले होते. मी भंगारवाल्याला म्हटले, "वजन करा, मी घेते."

तो म्हणाला, "बाई, यात पितळ कमी आणि पोचे जास्त आहेत. घरी काय करणार?"

"घरी पोचे काढणारे आहेत," मी म्हटले.

तो हातगाडी आमच्या दारापर्यंत घेऊन आला. यजमान दुकानात किल्ली घासत होते. त्यांनी मान वर केली, पोती पाहिली आणि विचारले, "वाजवणारी पोरं पण वजनावर आणलीस का?" मग त्यांनी एक ट्रम्पेट उचलून त्याचे खटके दाबून पाहिले. खटका वर येईना. "आत स्प्रिंग गेलीय. हे कुलपासारखंच आहे," असे म्हणून ते कामाला लागले. सगळा उन्हाळा त्यांनी कुलपांची कामे सांभाळून पोचे काढले, फुटलेल्या जागी डाख दिला, स्प्रिंगा बनवल्या. जून उजाडला तेव्हा त्यांनी स्वतःच दुकानाच्या पाटीखाली खडूने लिहिले : शनिवारी कुलपे बंद, बँड चालू.

पहिल्या शनिवारी मुले कमी आणि पालक जास्त आले. दोन महिन्यांत दुकानात उभे राहायला जागा उरली नाही. खालचा सूर लागला की भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या वाजू लागत. या वयाच्या मुलांना शिकवणे म्हणजे दर महिन्याला नव्या मुलाला शिकवणे. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचा असतो आणि सहावीतल्या मुलाचा हात शेवटच्या जागेपर्यंत पोचत नाही. ते सूर तो सोडून देतो. सातवीत एक दिवस बाह्या आखूड होतात, हात पोचतो, आणि आपल्याला हे आधीपासून येतच होते असा चेहरा करून तो मुलगा वाजवतो. असे चेहरे पाहायला मला आवडत असे.

मुख्याध्यापकांना मी काही ठेवत नाही. "त्यांच्याविषयी मनात राग नाही, असं एक वाक्य घाला, बरं दिसतं," असे हा मसुदा पाहणारे वकील म्हणाले. राग आहे. पण तो मी कोणाला वारसाने देत नाही.

३. फुसकी

दुकानाची खोली, एक ढोल सोडून त्यातली सर्व वाद्ये, यजमानांचा शेगडा, कानशी, लाकडी हातोडा आणि डाख द्यायचे सामान मी जिला देत आहे, तिचे आमच्याशी काही नाते नाही. ती लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करते. तिला आम्ही सगळे फुसकी म्हणतो. ते नाव मुलांनी ठेवले. मी ते बंद करायला गेले तर तीच म्हणाली, "राहू द्या बाई, खरंच आहे."

ती सहावीत आली तेव्हा तिच्या ट्रम्पेटमधून आवाजच येत नसे. बोटे बरोबर पडत, श्वास बरोबर जाई, निघे ती नुसती हवा. वर्ष असेच गेले. तिची आई धोबीखान्यात इस्त्री करायची. ती येऊन म्हणाली, "बाई, एवढी फुंकते, पण चूलसुद्धा पेटायची नाही. काढून घेऊ का तिला?"

मी विचारले, "ती काय म्हणते?"

"ती म्हणते, मी वाजवते."

"मग वाजवतेय," मी म्हटले.

वार्षिक कार्यक्रमाला मी तिला सर्वांबरोबर उभे केले. ती एकही बोट न चुकता सबंध वेळ हवा वाजवत होती. सातवीच्या मध्यावर एका शनिवारी तिच्या ट्रम्पेटमधून आवाज निघाला. मालट्रकच्या भोंग्यासारखा होता. वरून वन्संनी विचारले, "वहिनी, कोणाला लागलं का?" फुसकी ट्रम्पेट खाली धरून नुसती उभी राहिली. मग पुन्हा वाजवायला घाबरू लागली, गेला तर काय म्हणून. यजमानांनी किल्ली घासता घासताच सांगितले, "एकदा उघडलेलं कुलूप परत उघडतं. वाजव."

ती नववीत गेली त्या वर्षी एका सकाळी चूळ भरताना पाणी माझ्या तोंडातून एका बाजूने गळाले. आरशात पाहिले तर डावा अर्धा चेहरा खाली उतरला होता. डॉक्टर म्हणाले नस सुजली आहे, हालचाल परत येईल किंवा येणार नाही. ती अर्धी आली. ओठ मिटत नव्हते. बोलणे समजे, पण फुंकणे संपले. स्वतः फुंकून दाखवता न येणारी बाई बँड काय शिकवणार, असा विचार करून मी मुलांना सांगितले की पुढच्या शनिवारपासून येऊ नका. यजमानांनी पाटीखालचे खडूचे अक्षर मात्र पुसले नाही.

पुढच्या शनिवारी दार वाजले. फुसकी होती. तिचा बँड आठवीतच संपला होता, ती आता यायला नको होती.

म्हणाली, "बाई, तुम्ही गाऊन दाखवा. मी फुंकते."

"माझं तोंड वाकडं आहे. गाणं वाकडं येईल."

"मी सरळ करून वाजवीन."

तिच्यामागे, पायरीवर, मुले उभी होती. तिने त्यांना गोळा करून आणले होते.

तेव्हापासून आम्ही तसेच शिकवत आलो. मी ओळ गाते, बोटे दाखवते, ती वाजवते, मुले तिचे ऐकून वाजवतात. यजमान गेले, त्या आठवड्यातही शनिवार चुकला नाही. ती शिकली, नोकरीला लागली, तरी नखांत ग्रीस घेऊन शनिवारी दुपारी येते. गेली कित्येक वर्षे त्या खोलीत माझे तोंड तीच आहे. मी नुसती बसते आणि कोणाच्या बाह्या आखूड झाल्या ते पाहते.

४. मुलगा

बँकेतली सर्व शिल्लक, मागच्या दोन खोल्या आणि वन्संच्या पश्चात वरचा मजला मी माझ्या मुलाला देते. घराचा मोठा वाटा त्याचाच आहे. दुकानाची खोली मात्र त्याची नाही, आणि त्यावरून तो नाराज आहे.

गेल्या महिन्यात तो आला होता. मोबाइलच्या दुकानासाठी त्याच्याकडे भाडेकरू तयार होता.

"आई, रस्त्याकडची खोली म्हणजेच घराची किंमत. बाकीचं काय, अडगळ."

"म्हणूनच मुलांना ती हवी. दार उघडं ठेवलं की जाणारी-येणारी पोरं आत डोकावतात."

"ती लिफ्टवाली आपली कोण?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग बँड कोण घेणार? तू घेतोस?"

तो बराच वेळ टेबलावर बोट वाजवत राहिला. लहानपणी तो मोठा ढोल वाजवायचा आणि चांगला वाजवायचा. आठवीनंतर त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि परत हात लावला नाही. म्हणाला, "मला कधी शनिवार मिळाला नाही, आई. सगळी पोरं खेळायला जायची आणि आमच्या घरात सगळ्या गावाची पोरं." हे त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणून ते इथे लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी निघताना तो बूट घालून मोरीपाशी गेला, भिंतीवर थापटून आला आणि म्हणाला, "दुकानातून मोरीकडे वेगळं दार काढावं लागेल. पोरांना पाणी लागणार, बाकीचं लागणार. नाहीतर माझ्या खोलीतून ये-जा करतील. गवंडी मी बघतो." हे बोलणे मी त्याची संमती म्हणून धरते. मोरी आणि नळ दोघांच्या वापरात राहतील. दार काढायचा खर्च त्याच्या वाट्यातून वळता करू नये, माझ्या शिलकीतून आधी बाजूला काढावा.

मोठा ढोल त्याचा. त्याने तो वाजवलाच पाहिजे असे नाही. बँडसाठी फुसकीने दुसरा घ्यावा.

५. वर्गाविषयी

सहावी ते आठवीतले जे मूल येईल त्याला घ्यावे. परीक्षा घेऊन निवडू नये. कार्यक्रमाला जितकी मुले तितकी सगळी उभी करावीत, हवा वाजवणारी धरून. ज्याच्या घरून फी येत नाही त्याला ती मागू नये आणि येत नाही हे दुसऱ्या मुलांना कळू देऊ नये. या अटी कायद्याने टिकतील का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "नाही टिकणार." तरी लिहिल्या आहेत. फुसकीला वाचता येते.

६. अंत्यविधी

साधा करावा. मुलांना माझ्यासाठी दुःखाचे काही वाजवायला लावू नये. दुःखाची चाल संथ असते, आणि संथ वाजवायला बाराव्या वर्षी श्वास पुरत नाही. त्यांचा मध्येच दम तुटेल, मग ती एकमेकांकडे पाहतील आणि हसू येईल, आणि मग हसल्याबद्दल कोणीतरी मोठे माणूस रागावेल. त्यापेक्षा मुलांना घरी ठेवावे. मी शुक्रवारी गेले तर शनिवारचा वर्ग मात्र घ्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

साक्षीदारांविषयी : वन्सं सकाळपासून चष्मा लावून सहीला तयार बसल्या होत्या. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. "मग मला काही देऊ नका, सही करू द्या," असे त्या म्हणाल्या. ते मान्य केले नाही. म्हणून डॉक्टरांना आणि समोरच्या शिंप्याला बोलावले. दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या.

शिंप्याने पेन हातात घेतले आणि मध्येच थांबून विचारले, "बाई, हे केल्यावर वर्ग बंद का?"

मी म्हटले, "नाही. कशाला?"

"माझी धाकटी यंदा सहावीत गेली. बुजरी आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणून आधी विचारलं नाही."

शनिवारी तीन वाजता पाठवा, असे मी सांगितले. मग त्याने सही केली.

लिहून ठेवणार : (सही) बँडबाई

साक्षीदार :
(सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
(सही) शिंपी, समोरचे दुकान

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : नऊ जुलै, गुरुवार