तुलनेचा वॉर्ड

३ फेब्रुवारी

काम मिळालं! माणसांच्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. वाचनालयातल्या बाईंनी माझं नाव सुचवलं म्हणे — "शाळा सातवीपर्यंतच, पण आमची अर्धी कपाटं वाचून बसल्यात."

काम देणारे डॉक्टर आहेत. रोगाचे नव्हेत, राजकारणाचे. नगरपालिकेचा कारभार आणि त्यात शिरणाऱ्या खोट्या बातम्या, असा त्यांचा अभ्यास. पाटीवर नुसतं ‘डॉक्टर’ वाचून गल्लीतले एक आजोबा गुडघा घेऊन आले होते. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, फार दुखतो का विचारलं आणि लगेच, "नगरपालिकेवर तुमचा विश्वास किती?"

आजोबा म्हणाले, "गुडघ्याइतकाच."

अभ्यासाला विषय कुठला घेतलाय, तर गेल्या वर्षीचं पाणी. म्हणजे आमचे हे.

डॉक्टर म्हणाले, "काकू, ऐकताना त्रास होईल तुम्हाला."

होईलच. पण माझ्यामागे गल्ली काय बोलते ते ऐकायचं, वर त्याचा पगार! असं काम कोणाच्या नशिबी असतं?

५ फेब्रुवारी

एकदा सगळं लिहूनच ठेवते. डोक्यात नुसतं घोळत राहतं.

हे पाण्याच्या टाकीवर होते. व्हॉल्व्ह फिरवायचे, पाण्यात जंतू मारायचं औषध टाकायचे. गेल्या वर्षी घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शिंपिणीची मुलगी गेली. दुसऱ्याच दिवशी फोनवर मेसेज फिरला — टाकीवाला प्यायलेला होता, औषधाची अख्खी गोणी पाण्यात ओतली! ह्यांना दारूचा वाससुद्धा सोसत नसे. खरं तर फुटक्या पाइपात गटार शिरलं होतं. तपासणीचा तसा अहवाल नगरपालिकेत पडून आहे. पण पाइप घातला नगराध्यक्षांच्या मेहुण्यानं. मेहुण्यापेक्षा टाकीवाला स्वस्त पडला.

महिनाभर हे खाली मान घालून कामावर गेले. मग एका सकाळी टाकीच्या जिन्यावर बसल्या जागी गेले. गल्ली म्हणाली, "पाप फळलं."

९ फेब्रुवारी

कामाचे नियम कडक. मुलाखत देणाऱ्याचं नाव काढलेलं. शिवी आली तर शिवी लिहायची. हसू आलं तर कंसात ‘हसतात’. मी काय टाइप करते ते घरीदारी कोणाला सांगायचं नाही.

आज एक पुरुष. आवाज ओळखला — लेकीच्या लग्नात आमच्या पंगतीला जेवलेला आहे. "अहो, बेवडाच तो! बायको काय सांगणार? तिला पुस्तकातून डोकं वर काढायला वेळ कुठाय?" (हसतात.)

लिहिलं.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरांना आज धरलंच. अहवालाची प्रत त्यांच्या टेबलावर आहे. नगरपालिकेचा शिक्का, सही, सगळं. चार वॉर्डांत त्यांनी खुलासा पाठवलासुद्धा! प्रत्येक फोनवर. टाकीवाल्याचा दोष नव्हता म्हणून.

"आणि आमच्या वॉर्डात?"

"काकू, तुमचा तुलनेचा वॉर्ड."

म्हणजे काय, तर इथं काहीच पाठवायचं नाही. खुलासा मिळालेले लोक आणि न मिळालेले लोक, दोन्हींची बोलणी शेजारी शेजारी ठेवून पाहायची. "त्याशिवाय खुलाशानं फरक पडतो हे सिद्ध कसं होणार?"

म्हणजे परक्या गल्ल्यांत हे निर्दोष आणि स्वतःच्या उंबऱ्यावर दारुडे!

"थोडं थांबा. मुलाखती संपल्या की तुमच्याकडेही पाठवतो." वर कौतुकानं म्हणतात, "तुमच्या मिस्टरांइतकी स्वच्छ केस मला कुठंच मिळाली नाही."

स्वच्छ म्हणे. जळो मेलं.

१७ फेब्रुवारी

टाइप केलं. दुसरं काही नाही.

२५ फेब्रुवारी

लेक आली होती. मागच्याच गल्लीत दिलीय, पण येते महिन्यातून एकदा. आली तरी चप्पल दारात बाहेर तोंड करून ठेवते, निघायच्या तयारीत. वाळलीय. मी म्हटलं, "बाबांचा खरा अहवाल लवकरच सगळ्यांना कळणार बघ." वाटलं, खुलेल.

"कशाला उकरतेस, आई? गेले ना ते?"

"ते गेले. त्यांचं नाव नाही गेलं."

तिला म्हणे कणीक मळायची होती. गेली.

६ मार्च

शिंपिणीच्या दुकानात ब्लाउज द्यायला गेले. वर्षभरात पहिल्यांदा. तिनं मापाची टेप गळ्यात अडकवली, पण माझं माप काही घेतलं नाही. ब्लाउज तसाच परत सरकवला.

राहवलं नाही. सांगून टाकलं. नियम गेला खड्ड्यात. गटार शिरलं होतं, ह्यांनी काही केलं नव्हतं, अहवाल आहे.

मशीन थांबवून ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "वहिनी, रोज सकाळी उठून मी तुमच्या नवऱ्याला शिव्या देते. मग चहा ठेवते. तो नव्हता, तर शिव्या कोणाला देऊ? पाइपाला?"

मी ब्लाउज पिशवीत टाकला. पायरी उतरताना मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

१९ मार्च

मी रोज डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहते. बोलत नाही. ते कागद चाळतात, चष्मा पुसतात. आज कंटाळले — "काकू, तुम्ही म्हणजे अगदी घोरपड आहात हो!"

तारीख ठरली. २९ मार्च. आमच्या वॉर्डात खुलासा जाणार!

घरी आले आणि ह्यांच्या फोटोसमोर चक्क हसले. फोटोतले हे नेहमीसारखेच — कॅमेऱ्याला घाबरलेले.

२७ मार्च

शेवटची मुलाखत. आमच्याच वॉर्डातली, लग्न झालेली बाई. पहिल्याच शब्दाला ओळखलं. माझ्या पोटचा आवाज मला न कळायला काय?

"मेसेज आला तेव्हा मीच पुढे पाठवला. सासरच्या ग्रुपवर, मैत्रिणींच्या, सगळीकडे. म्हटलं, बापाची बाजू घेते असं कोणी म्हणायला नको."

विचारणाऱ्यानं विचारलं, "तेव्हा खरा वाटला होता?"

"नाही."

"आणि आता?"

कंसात ‘शांतता’ लिहिलं.

"आता खराच असला पाहिजे. खोटा निघाला, तर बाबांना मीच मारलं की नाही? आई म्हणते अहवाल येणार. तो आला तर मी जगायची नाही हो. खरंच सांगते."

विचारणारा म्हणाला, "धन्यवाद. पुढचा प्रश्न."

शेवटपर्यंत टाइप केलं. एक शब्द गाळला नाही.

२८ मार्च

उजाडताच डॉक्टरांकडे धावले. म्हटलं, पाठवू नका. राहू देत आमचे हे दारुडे. मी लिहून देते, प्यायचे म्हणून.

ते हसायलाच लागले. "अहो काकू, तुम्ही इतक्या मागे लागलात म्हणून एक दिवस आधीच पाठवला! पहाटेच पोचला सगळ्यांना. जिंकलात तुम्ही!"

लेकीला फोन लावलाय. नुसता वाजतोय.